सात दिवसांचा मोकळा रस्ता

मी एक जुनी मोरी आहे. घरातली भांडी घासायची मोरी नव्हे हं मित्रांनो, मी रस्त्यावरची मोरी. करंजखार गावाच्या वेशीवर जो ओहोळ आहे, त्याच्या अंगावर पाय रोवून उभी आहे. खाली काळ्या दगडाची एक कमान, वर बारा फूट रुंदीचा रस्ता आणि दोन्ही बाजूंना बसता येईल एवढे कठडे, एवढाच माझा संसार. पुलांच्या पंगतीत मला कुणी बसवत नाही. माझ्यावरून रोज जाणाऱ्या निम्म्या लोकांना आपण मोरीवरून जातो हेही ठाऊक नसतं. त्याचं मला वाईट वाटत नाही. पायाखालची वस्तू आठवणीत राहिली तर समजावं, कुठेतरी ठेच लागली आहे.

माझा जन्म एक्क्याऐंशी सालचा. त्याआधी पावसाळ्याचे चार महिने करंजखार गाव जगापासून तुटलेलं असे. भाताच्या गोणी, आजारी माणसं, नव्या नवऱ्या, सगळं कंबरभर पाण्यातून पलीकडे न्यावं लागे. गावाने वीस वर्षं अर्ज केले तेव्हा कुठे मला मंजुरी मिळाली. वडार मंडळींनी डोंगराकडचा दगड फोडून आणला, घडवला आणि एकेक करून बसवला. गावातल्या जाणत्या पोरांनी श्रमदान केलं. त्यांत वीस-एकवीस वर्षांचा एक शेतकरी होता, भागोजी. अंगाने सडपातळ, पण दगड उचलायला सगळ्यांच्या पुढे. त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. त्याची बायको बायजा दुपारची भाकरी घेऊन यायची आणि डोक्यावरची टोपली उतरवता उतरवता मुकादमाला म्हणायची की कठडे जरा रुंद करा, बायकांना टोपल्या टेकवायला बरं पडेल. मुकादम हसायचा, पण कठडे त्याने खरंच रुंद केले. त्या कठड्यांवर पुढे सबंध गाव बसलं, त्याचं श्रेय बायजाला द्यायला हवं.

पहिली एसटी माझ्यावरून गेली तेव्हा तिला आंब्याच्या डहाळ्या बांधल्या होत्या. ड्रायव्हरला नारळ दिला, कंडक्टरला टोपी घातली. मला कुणी काही दिलं नाही, पण म्हाताऱ्या बायका माझ्या कठड्याला हात लावून तो हात कपाळाला लावत गेल्या, ते मला पुरलं.

पुढची चाळीस वर्षं मी सुखाची नोकरी केली. दिवसाला सहा एसट्या, भाताच्या दिवसांत ट्रॅक्टर, गणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्या, अंगारकीला पालीच्या बल्लाळेश्वराला निघालेले टेम्पो. सकाळी शाळेची मुलं जात आणि जाता जाता ओहोळात खडे टाकत. बायजा आठवड्यातून दोनदा वालीच्या शेंगा, भेंडी, पडवळ असं काहीबाही घेऊन बाजाराला निघे आणि एसटीची वाट पाहत माझ्यावर बसे. एसटी कधी वेळेवर आली नाही, त्यामुळे बायजाचा संसार मला तोंडपाठ झाला. मुलगा मुंबईत कंपनीत लागला, सून सुचिता गावातच अंगणवाडीत काम करू लागली, म्हैस व्यायली, सगळं मला आधी कळायचं. माझ्या आयुष्यात पगार नव्हता, रजा नव्हती, पण कंटाळाही नव्हता.

आता गावाच्या एका चालीविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं.

माझ्यापासून पन्नास पावलांवर मारुतीचं देऊळ आहे. तिथे दर माघात हरिनामाचा सप्ताह बसतो. सात दिवस आणि सात रात्री वीणा खाली ठेवायची नाही. गावकरी दोन-दोन तासांचा पहारा वाटून घेतात, एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते. असे सप्ताह कोकणात पुष्कळ गावांत होतात. करंजखारची चाल त्यापुढची आहे. या सात दिवसांत गावात चाक फिरत नाही. पूर्वी बैलांना विश्रांती मिळावी म्हणून कुणा शहाण्या माणसाने ही रीत घातली असावी. बैल गेले, रीत राहिली. महामार्गाच्या नाक्यावर, जिथून गावचा फाटा सुटतो, तिथे काथ्याचा दोर आडवा बांधतात आणि त्याला आंब्याची पानं लावतात. एसटी तिथूनच वळते. पाहुणे गाड्या नाक्यावर सोडून पायी येतात. आजाऱ्याला नेण्यापुरता तेवढा दोर सोडतात. आपल्या गावचा दोर कुणी मोडत नाही, याचा करंजखारला भारी अभिमान. अभिमान वाईट नसतो मित्रांनो, पण त्याला डोळे जरा कमी असतात.

पाच वर्षांपूर्वीच्या माघात, दोर बांधला त्याच दिवशी एक तरुण नाक्यावरून पायी चालत आला आणि माझ्या कठड्यावर बसला. त्याचं नाव हर्षद. पनवेलच्या एका सल्लागार कचेरीत तो कामाला होता. हातात तक्ते, खिशात चार रंगांची पेनं, डोक्यावर टोपी. रस्त्यावरून जाणारी वाहनं मोजायचं काम त्याच्याकडे होतं, आणि सोबतीला रात्रपाळीचा एक माणूस. त्यांना कचेरीने सात दिवसांचा हुकूम दिला होता. गावच्या पलीकडची चाळीस एकर भातजमीन कुणी घेऊ पाहत होतं. तिथे बंदरावरच्या कंटेनरांचं यार्ड व्हायचं होतं. जमीन शेतीच्या पट्ट्यातून काढून कारखान्यांच्या पट्ट्यात टाकायची, नकाशावरचा हिरवा रंग पुसून जांभळा भरायचा, तर त्याआधी रस्त्यावर किती रहदारी आहे याचा अहवाल लागतो. गावाला यातलं काहीच माहीत नव्हतं. सरकारचा माणूस रस्ता मोजायला आलाय, म्हणजे आता डांबर पडणार, एवढंच त्यांना समजलं.

भागोजी त्या वर्षी सप्ताहाचा मुख्य होता. साठी ओलांडलेली, केस पांढरे झालेले, पण चाल तशीच. पाहुणा आपल्या वेशीवर उपाशी बसलाय हे त्याला सोसवेना. त्याने पत्रावळीवर भात, वालाची आमटी, बटाट्याची भाजी आणि बुंदी असं वाढून स्वतः आणलं. हर्षद संकोचला. मग जेवता जेवता त्याने सहज विचारलं.

"काका, रस्ता असाच मोकळा असतो का?"

"सात दिस हितं चाक फिरनार न्हाय," भागोजी म्हणाला. "तुमी बिनघोर बसा."

प्रश्न एक होता, उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. भागोजीच्या मनात सप्ताह, हर्षदच्या मनात तक्ता. तरी हर्षद अगदीच बिनडोक नव्हता. त्याने संध्याकाळी कचेरीला फोन करून सांगितलं की गावात काही उत्सव आहे, वाहनं येत नाहीत. तिकडून उत्तर आलं की दिलेल्या तारखांना मोज आणि ये. तो मोजत राहिला. सात दिवसांत रोजची सरासरी एकोणीस वाहनं भरली, आणि त्यांतल्या चौदा सायकली होत्या, पाच सामानाच्या हातगाड्या; माणसाच्या बळावर चालणारं चाक गाव चाकात धरत नाही.

शेवटच्या दिवशी तक्त्याखाली स्थानिक साक्षीदाराची सही लागत होती. भागोजीने धोतराला हात पुसले, सावकाश, वळणदार अक्षरात सही केली आणि हर्षदला प्रसादाचा नारळ दिला. पेन टेकवायला आधार हवा म्हणून तक्ता माझ्याच कठड्यावर ठेवला होता. पेनाचं ते खरखरणं मला जाणवलं. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मीही गावचीच ना, माझाही ऊर भरून आला होता.

जमिनीच्या बदलावर हरकती मागवणारी नोटीस पंचायतीच्या फळ्यावर लागली ती आषाढात. ऐन लावणीत करंजखारमध्ये फळा वाचायला माणूस कुठला सापडणार? तीस दिवस गेले, हरकत एकही आली नाही. नकाशा जांभळा झाला.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला गाव खूश होतं. जमिनी विकलेल्यांनी स्लॅबची घरं बांधली. चार-पाच पोरांना यार्डात नोकरी लागली. भावेश नावाच्या तरुणाने टमटम घेतली आणि कामगारांची ने-आण सुरू केली. मग पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर ट्रेलर सुरू झाले.

मित्रांनो, भरलेला ट्रेलर म्हणजे काय हे तुम्ही रस्त्याच्या कडेने पाहिलं असेल, मी पाठीवर घेतलं आहे. एसटी माणसांनी खच्चून भरली तरी मला दहा-बारा टनांची सवय. ट्रेलर चाळीस टनांचा. पहिला गेला तेव्हा माझ्या कमानीत वरपासून खालपर्यंत कळ गेली. पन्नासावा गेला तेव्हा सांध्यातला चुना भुरभुरला. त्यानंतर मी मोजणं सोडून दिलं. दोन ट्रेलर समोरासमोर आले की एकाला मागे जावं लागे आणि त्याच्या मागे आधीच दहा उभे असत. एसटी अडकू लागली. आधी सहाच्या तीन फेऱ्या झाल्या, मग एक, मग तीही नाक्यावरूनच परत फिरू लागली. शाळेची मुलं कठड्याला पाठ लावून, पोट आत घेऊन उभी राहत आणि चाकं त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावरून जात. एका ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्याने माझ्या डाव्या कठड्याचे तीन दगड ओहोळात पाडले. बायजा बसायची ती जागा तीच. तिने दोन दिवस आधीच बाजाराला जाणं बंद केलं होतं, नाहीतर काय झालं असतं ते मी बोलत नाही.

यार्डाची माणसं वाईट होती असंही नाही. पुढच्या माघात त्यांचा व्यवस्थापक स्वतः देवळात आला. गावचा दोर आम्ही मानतो म्हणाला. सातही दिवस त्याने ट्रेलर महामार्गावर थोपवून धरले आणि महाप्रसादाला तांदळाच्या दहा गोणी पाठवल्या. गावाने त्याला शाल दिली. सात दिवस मी पूर्वीसारखी शांत होते. आठव्या दिवशी दोर सुटला आणि थोपवलेले सगळे एकदम आले.

त्याच वर्षी भाद्रपदात, सकाळी दहाच्या सुमारास, बायजा बांधावर म्हशीसाठी गवत कापत होती. गवतात घोणस होती. ती बायजाच्या पायाला चावली.

भावेशने तिला आणि भागोजीला टमटममध्ये घातलं आणि निघाला. गावापासून सरकारी दवाखाना पंचवीस मिनिटांवर. तिथे सापाची लस असते, वेळेवर पोचलं तर माणूस वाचतं, हे करंजखारमध्ये लहान पोरालाही ठाऊक आहे. ते माझ्यापर्यंत आले आणि थांबले. माझ्यावर दोन ट्रेलर तोंडाला तोंड लावून उभे होते. नाक्याच्या बाजूला अकरा, यार्डाच्या बाजूला नऊ. भावेशने भोंगा वाजवला, ओरडला, रडलासुद्धा. पुढच्या ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरला. लांबचा, कुठल्यातरी दुसऱ्या मुलखातला माणूस. बाईची अवस्था पाहून त्याने हात जोडले आणि मागे जायचा प्रयत्न केला, पण त्याला मागे जायला चार हातसुद्धा जागा नव्हती. चाक आणि कठडा यांच्यामधून एकटा माणूस अंग चोरून निघाला असता, बाईला उचलून नेणं जमत नव्हतं. या गोंधळात पाऊण तास गेला.

शेवटी भागोजीने बायजाला खांद्यावर घेतलं आणि तो ओहोळात उतरला. भाद्रपदातलं पाणी, कंबरेच्या वर. पुढून भावेशने आधार दिला, आणि त्या ड्रायव्हरने बुटासकट पाण्यात उतरून तिचे पाय वर धरले. असे ते तिघे तिला माझ्या शेजारून पलीकडे घेऊन गेले.

मी वर उभी होते. माणसांना असं पाण्यातून जावं लागू नये म्हणून तर मला बांधलं होतं. ज्याने माझे दगड वाहिले तो माणूस बायको खांद्यावर घेऊन माझ्या बाजूने पाणी तुडवत होता आणि मी त्याची वाट अडवून बसले होते. माझ्या सबंध आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

पलीकडून कुणाच्यातरी मोटारसायकलवर मधे बसवून तिला नाक्यापर्यंत नेलं, तिथून रुग्णवाहिकेने पुढे. पोचायला पावणेदोन तास लागले. रक्त गोठेनासं झालं होतं. तिसऱ्या दिवशी बायजा गेली. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला हवं होतं.

तेराव्यानंतर सुचिताने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. एवढ्याशा रस्त्याला ट्रेलरची परवानगी कुणी दिली, हे तिला जाणून घ्यायचं होतं. सासूने तिला मुलीसारखं वागवलं होतं, ती काही स्वस्थ बसणारी नव्हती. कागद आले ते दिवाळीनंतर. त्या दिवशी देवळात ग्रामसभा होती आणि ध्वनिक्षेपक लावला होता, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला. गाव सरपंचावर तुटून पडलं होतं. सुचिताने अहवाल वाचायला घेतला. रोजची सरासरी वाहने एकोणीस. रस्ता मोकळा असून वाढीव अवजड वाहतूक सामावून घेण्यास सक्षम. मग तारखा वाचल्या. मग साक्षीदाराचं नाव आलं आणि तिचा आवाज थांबला. 

सुचिताला ते नाव गाळता आलं असतं. कागद तिच्या एकटीच्या हातात होता. भागोजी स्वतः उठून उभा राहिला.

"ती सही माजी हाय," तो म्हणाला. "गावानं कुनाला बोल लावू नये. मी त्या मानसाला जेवू घातला आनि सही क्येली. सप्ता चाललाय ह्ये कागदावर लिव्हा, येवढं एक वाक्य मला सुचलं न्हाय."

 त्याला बोल लावणार कोण? बुंदी वाढायला सगळेच होते.

त्यानंतर भागोजी रोज संध्याकाळी माझ्या उरलेल्या कठड्यावर येऊन बसू लागला. ट्रेलर गेला की धूळ त्याच्या अंगावर बसे, तो झटकत नसे. मला वाटायचं, याच्याशी बोलावं, सांगावं की तुझी एकट्याची चूक नाही. पण दगडाला वाचा नसते, आणि असती तरी त्याने ऐकलं नसतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गावाने अर्ज केला, अलिबागला सुनावणी झाली. परतताना सगळे माझ्यावर टेकले, तेव्हा मला कळलं ते असं. अधिकाऱ्याने भागोजीचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, तुमच्या तोंडच्या शब्दावर मला अहवाल रद्द करता येणार नाही, पण फेरमोजणीचा आदेश देतो. सात दिवस, चोवीस तास. त्यात जो आकडा येईल त्यावर निर्णय होईल. गावाला हायसं वाटलं.

तारखांचं पत्र पौषात आलं. माघातल्या सप्ताहाचेच ते सात दिवस होते.

मुद्दाम केलं की योगायोगाने झालं, मला सांगता येणार नाही. सुचिता पत्र घेऊन धावली. तिला सांगण्यात आलं की तारीख बदलता येईल, पण मग पुढचा नंबर पावसाळ्यानंतर. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे काही उगाच म्हणत नाहीत. सप्ताह आहे असा शेरा तरी मारा, असं तिने विनवलं. तक्त्यात शेऱ्याचा रकानाच नव्हता.

तेवढ्यात यार्डाचा व्यवस्थापक पुन्हा आला, तसाच नम्रपणे. यंदाही आम्ही तुमचा दोर पाळू, एक चाक फिरू देणार नाही, असं त्याने वचन दिलं. तांदूळही पाठवू म्हणाला. त्याच्या मनात काय होतं ते त्यालाच ठाऊक, पण त्या वचनाने देवळात बसलेल्यांचे चेहरे पडले.

दोर बांधायचा की नाही, यावर दोन दिवस बैठक चालली. अनंता नावाचे ऐंशी पार केलेले गृहस्थ गावात सर्वांत वडील. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून दोर चुकलेला नव्हता. ते म्हणाले की रस्त्यापायी देवाची रीत मोडली तर उद्या गावाला गाव म्हणायला उरेल काय? त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. पुष्कळांनी माना डोलावल्या. मुख्यपण अजून भागोजीकडेच होतं. तो उठला. ध्वनिक्षेपक नव्हता, पण पन्नास पावलांवरून मला स्पष्ट ऐकू आलं.

"अनंताबाबा, दोर मीच बांदलाय आजवर. ह्या साली बांदला तर कागदावर परत रस्ता मोकळा दिसंल. म्हंजे माजी बायजा मोकळ्या रस्त्यावर म्येली, आसं सरकार लिव्हील. देव मला काय शिक्षा करायची ती करूंदे. पन ह्ये मी लिवू देनार न्हाय."

अनंताबाबा उठले. मग त्यांनी काथ्याचा दोर मागवला, स्वतःच्या हाताने त्याचं वेटोळं केलं आणि मारुतीच्या पायाशी ठेवलं. यंदा हा इथेच राहू दे, म्हणाले.

त्या वर्षी करंजखारचा सप्ताह बसला आणि नाक्यावर दोर नव्हता. व्यवस्थापकाचे ट्रेलर एक दिवस आपखुशीने थांबले. दुसऱ्या दिवशी बंदरावर जहाज लागलं, माल तुंबला, वचन राहिलं बाजूला आणि रांग सुरू झाली. देवळात वीणा, बाहेर भोंगे. कीर्तनकाराला दर दोन ओव्यांनी थांबावं लागे. बायका म्हणत, देवाच्या कानाला त्रास होतोय. भागोजी म्हणे, होऊ दे, त्यालाही कळू दे.

मोजायला पुन्हा हर्षदच आला. तो आता जरा जाड झाला होता आणि डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. गावाने त्याच्यासोबत आपलीही माणसं बसवली. वीणेचा पहारा वाटून घेतात तसाच हा पहारा वाटून घेतला, दोन-दोन तास, देवळातून उठलेला माणूस माझ्याकडे यायचा. सुचिता अंगणवाडी सुटली की यायची. हर्षदने एक रेघ मारली की तीही वहीत एक रेघ मारायची, आणि दर तासाला दोघे मेळ घालायचे. तिसऱ्या दिवशी हर्षदने न राहवून भागोजीची माफी मागितली. मी तेव्हाच पुन्हा विचारायला हवं होतं, असं काहीतरी तो म्हणाला. भागोजीने त्याला पत्रावळ दिली आणि जेवून घ्यायला सांगितलं.

रोजची सरासरी सातशे बेचाळीस ट्रेलर भरली. शेवटच्या दिवशी साक्षीदाराच्या सहीआधी भागोजीने सुचिताकडून प्रत्येक ओळ वाचून घेतली, तारखांसकट.

निकाल वैशाखात आला. मित्रांनो, गोष्टीतल्यासारखं सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. नकाशा जांभळाच राहिला. यार्ड आहे तिथेच आहे. पण सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत माझ्यावरून ट्रेलर जायला बंदी आली, आणि दीड वर्षाच्या आत महामार्गापासून यार्डापर्यंत स्वतःचा वेगळा रस्ता बांधायचा हुकूम झाला. तो जुना अहवाल रद्द झाला. आता दिवसाला तीन एसट्या येतात. मुलं रस्त्याच्या मधून चालतात, जे मला अजिबात आवडत नाही, पण मी रागावत नाही.

मलाही एक निकाल लागला. मोजणीच्या वेळी आलेल्या इंजिनिअरने माझ्या पोटाखाली बॅटरी मारून पाहिलं. कमानीला आरपार तडा गेलाय. ट्रेलरचा नवा रस्ता झाला की मला फोडायचं आणि सिमेंटचे नळ घालून रुंद मोरी करायची, असं ठरलं आहे. भागोजीला हे कळलं तेव्हा त्याने हाताने माझा तडा चाचपला आणि म्हणाला, "लई वाह्यलंस तू." चाळीस-पंचेचाळीस वर्षांत माझ्याशी थेट बोललेला हा एकच माणूस. मला तेवढं बोलणं पुरे आहे. बायजाला मिळाला नाही तो वेळ मला मिळाला, तेच मनाला खातं.

म्हणून जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणं मागते. मोऱ्या, साकव, बांध, पायवाटा, ज्यांच्यावरून तुमचं रोजचं आयुष्य चालतं, त्यांच्याकडे अधूनमधून वाकून बघत जा. त्यांना तडा जाण्याआधी बघा. फळ्यावर नोटीस लागली तर लावणी सोडून एक जण तरी वाचायला पाठवा. आणि मित्रांनो, तुमच्या गावचा रस्ता मोजायला उद्या कुणी आलं, तर त्याला पोटभर जेवू घाला, पाहुण्याला उपाशी ठेवू नका. पण ताट वाढण्याआधी त्याला तुमचा रोजचा रस्ता दाखवा.